खळीचा ताठा

परवा मी आमच्याच कॉलेजच्या आवक-जावक टेबलावर एक पत्र दिलं. शिंदेबाईंनी शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि सवयीनं विचारलं, "विषय काय लिहू, सर?"

"सेवापुस्तकातल्या एका शब्दाबद्दल, असं लिहा."

"कुणाच्या सेवापुस्तकातल्या?"

"राऊतमामांच्या."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "ते तर रिटायर झाले की. आता काय उपयोग?"

पोच घेऊन जिना चढलो, केबिनमध्ये आलो, पंखा लावला आणि चौथ्या सेमिस्टरचं वेळापत्रक तपासायला घेतलं. पत्र दिल्यावर आत काहीतरी हलेल असं मला बरीच वर्षं वाटत होतं. काही हललं नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर आपलाच ओठ आपण बोटानं दाबून बघतो आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी लागतो, तसं माझं बऱ्याच दिवसांपासून झालं आहे.

तो शब्द 'निष्काळजीपणा' असा आहे. 'प्रयोगासाठी नमुने तयार करताना निष्काळजीपणा केल्याबद्दल समज देण्यात आली,' असं एक वाक्य रंगनाथ राऊत यांच्या सेवापुस्तकात आहे. ते खोटं आहे आणि ते माझ्यामुळं लिहिलं गेलं, एवढंच पत्रात म्हटलं आहे. तो माणूस कसा होता हे पत्रात लिहिता येत नाही. ते इथं लिहितो.

राऊतमामा बीडच्या आमच्या कॉलेजात मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये सहायक होते. गाव गेवराई तालुक्यातलं उमापूर. बीडला बसस्टँडच्या मागं एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी गावाकडं जायचे. अंगानं बारीक, आवाज खालचा. लक्षात राहायचा तो त्यांचा उजव्या हाताचा अंगठा. पसरट, पुढून चपटा. समोर येणारी प्रत्येक वस्तू ते त्या अंगठ्यानं एकदा दाबून बघायचे. चहाचा कागदी कप, नव्या बाकाची फळी, परीक्षेला आलेल्या कोऱ्या पुरवण्या. पोरांनाही ते ठाऊक होतं. तोंडी परीक्षेच्या दिवशी एखादा आगाऊ पोरगा मामांसमोर खांदा पुढं करायचा.

"मामा, दाबून सांगा, पास होतो का?"

मामा खरोखर खांदा दाबायचे, डोळे मिटून विचार केल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "वरून खळ लई हाय बे. आतलं कापड काई हाताला लागंना."

हे बोलणं त्यांच्या घरातलं होतं. वडील उमापुरात परीट. गावातले आणि आसपासच्या दोन-तीन वाड्यांवरचे कपडे त्यांच्याकडं यायचे. मामा आयटीआय करून नोकरीला लागले; पण कापड, खळ, इस्त्री हे शब्द त्यांच्या तोंडातून गेले नाहीत. स्वतः मात्र खळ घातलेला सदरा त्यांनी कधी अंगात घातला नाही. त्यांचे सदरे धुऊन धुऊन मऊ झालेले, पण बिनसुरकुतीचे असायचे. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याला ताठ केलं, सर. आपल्याला कावून पायजे?"

लॅबच्या खिडकीजवळ त्यांचं एक टेबल होतं. त्यावर एक जुना सोनारी तराजू, स्वतःच्या पैशानं जुन्या बाजारातून आणलेला. लॅबमध्ये विजेवर चालणारा वजनकाटा होता, पण मामांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. "लाइट कमी-जास्त झाली की त्याचं मन बदलतंय," म्हणायचे. कानामागं पेन्सिल. त्यांनी बनवलेल्या प्रत्येक नमुन्याच्या कडेला बारीक अक्षरात दोन आकडे लिहिलेले असायचे. डावीकडचा नुसत्या कागदाच्या वजनाचा. उजवीकडचा चिकटवून वाळल्यानंतरचा.

"दोनदा कशाला मोजता, मामा?"

"आमचा बाप धुण्याला आलेलं कापड हातावर तोलून घ्यायचा. माघारी देताना जड लागलं तर समजायचं, आत काईतरी ऱ्हायलंय. साबण, न्हाईतर खळ."

त्या वेळी मला हे गमतीचं वाटलं होतं.

मी तेव्हा अडतिशीत होतो आणि माझी पीएचडी रखडली होती. विषय मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचा. सहा कोनांच्या घरांची जाळी कागदाची केली, तर वजनाला अगदी हलकी होते आणि तरी बराच भार घेते. दारांच्या फळ्यांत, सामान पाठवायच्या खोक्यांत अशी जाळी असते. तिच्यावर उभा भार टाकला तर ती चांगली टिकते. पण आडवी धरून कडेनं दाबली की लगेच लवते. वजन न वाढवता ती कडेनंही ताठ कशी करायची, हा माझा प्रश्न. पुस्तकात या गुणाला मराठीत दृढता म्हणतात. मामा ताठा म्हणायचे. काही दिवसांनी मीही मनातल्या मनात ताठाच म्हणायला लागलो.

पैसे नव्हते, त्यामुळं नमुने कागदाचे. दरवर्षी पोरांच्या ड्रॉइंगच्या जुन्या शीट रद्दीत जायच्या. मामा त्या बाजूला काढून ठेवायचे आणि त्यांच्या पट्ट्या कापायचे. जाळीच्या भिंतींवर कुठं अर्धवट वर्तुळ, कुठं एखाद्याचा रोल नंबर दिसायचा. "नापास पोरांच्या शीटा जास्त ताठ असत्यात, सर," मामा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. "त्यांनी काई काढलेलंच नसतंय, म्हंजी खोडायचं बी काम न्हाई. रबर लागलं की कागद मऊ पडतो." चिकटवायला खळ. मैदा पाण्यात कालवून, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकून लॅबमधल्या शेगडीवर ते स्वतः शिजवायचे. बाजारातला गोंद त्यांना पसंत नव्हता. खळीचा आंबूस वास आमच्या लॅबला कायमचा असे.

दीड वर्ष मी भिंती जाड करून बघत होतो. जाड केल्या की ताठा वाढायचा, पण वजनही तेवढंच वाढायचं. एका दुपारी यंत्राखाली नमुना हळूहळू दबत होता आणि मी आकडे लिहीत होतो. मामा यंत्राशी उकिडवे बसून जाळीत बघत होते.

"सर, भित न्हाई वाकत. फाटा वाकतोय."

मी वाकून पाहिलं. जिथं तीन भिंती एकत्र येतात त्या कोपऱ्याला ते फाटा म्हणत होते. रस्त्याला रस्ता फुटतो तो फाटा. आमच्याकडं अर्ध्या गावांचा पत्ता फाट्यावरूनच सांगतात. खरंच, भिंती मधे सरळ होत्या आणि सगळं वळण कोपऱ्यांपाशी पडत होतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, सूत्रानं सोडवलेलं होतं, आणि तोपर्यंत पाहिलेलं नव्हतं.

"मग काय करायचं, मामा?"

"मदला माल काढा. फाट्यावर टाका."

"टाकायचा कसा?"

मामा थोडा वेळ अंगठा चोळत बसले. "आमचा उमापूरचा फाटा आदी नुसता फाटा होता. बस थांबायची, मानूस उतरायचं, निघून जायचं. आता तितं टपरी हाय, पंक्चरवाला हाय, खताचं दुकान हाय. फाट्यावर धाकलं गाव बसलंय. तसं इतं बी बसवा. हरेक फाट्यावर एक धाकलं घर."

दोन दिवसांनी त्यांनी तशी जाळी आणून ठेवली. मोठ्या घरांच्या प्रत्येक कोपऱ्याच्या जागी सहा कोनांचं एक लहान घर. भिंती पातळ केलेल्या, म्हणजे कागदाचं वजन तेवढंच. यंत्राखाली ठेवली, तेव्हा ताठा जवळजवळ दुप्पट आला. मी ओरडलोच. मामांनी नमुना उचलून अंगठ्यानं दाबला, वजन केलं, दोन आकडे लिहिले आणि चहा सांगायला गेले.

पुढं वाचताना कळलं की परदेशात लोकांनी याच घरात-घर रचनेवर बरंच काम केलेलं आहे. म्हणजे कल्पना जगाला नवी नव्हती. ती मामांची चोरली असं म्हणता येणार नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण मार्गदर्शकांनी विचारलं, "हे सुचलं कसं?" तेव्हा मी म्हणालो, "वाचता वाचता." वाचन नंतरचं होतं.

एक पायरी जमली तर दुसरी का नको? लहान घरांच्या कोपऱ्यांवर आणखी लहान घरं. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. मामांनी ते नमुने चिमट्यानं केले. एका नमुन्याला आठ-आठ दिवस लागायचे. संध्याकाळी डोळ्यांवर गार पाण्याची पट्टी ठेवून बाकावर पडायचे. असे बारा झाले. मे महिना होता, बीडचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल. लॅबच्या पत्र्याखाली कागद पापडासारखा वाजत होता. त्या उन्हात आम्ही मोजलं आणि ताठा इतका आला की मी यंत्र तपासून पुन्हा मोजलं. तोच आकडा. मी मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, यावर शोधनिबंध लगेच पाठवा.

मामा खूश नव्हते. नमुना तराजूत ठेवून ते बराच वेळ उभे होते.

"सर, एक बोलू?"

"बोला की."

"आमच्या बापाकडं गावच्या पुढाऱ्याचे कपडे यायचे. त्याला लई कडक लागायचं. मी तवा नुकता आयटीआयला गेलतो. बापानं एकदा त्याचा सदरा इतका कडक केला की जमिनीवर ठिवला तर उभा ऱ्हायला, आत मानूस न्हाई काई न्हाई. त्यो सदरा घालून पुढारी नारायणगडाच्या जत्रेत भाषनाला गेला. दुपारचं ऊन, त्यात गर्दी. घाम फुटला. तासाभरात कॉलर वाफवलेल्या पानावानी मानेवर पडली. समदे हसायले. पुढारी बापावर लई चिडला. तवा बाप मला म्हनला, रंग्या, त्येच्यात ताठा माझा होता. त्येचा न्हवता."

मी हसलो. मामा हसले नाहीत.

"ह्ये बी तसंच हाय, सर. ह्यात बारीक घरं लई, म्हंजी सांधे लई. हरेक सांध्याला खळ. बारक्या कोपऱ्यात ती बाहेर येत न्हाई, तितंच भरून वाळती. बगा, कागद तेवढाच हाय, पन वाळल्यावरचं वजन बगा." त्यांनी उजवीकडच्या आकड्यावर बोट ठेवलं. "ह्यो ताठा माझ्या खळीचा हाय. तुमच्या घरांचा न्हाई."

मला समजलं होतं. ते तिथंच समजलं होतं, हे मला लिहायचं आहे. वजन तेवढंच ठेवून ताठा वाढला असा माझा दावा, आणि वजन तेवढं नव्हतं. मी म्हणालो, "मामा, तुम्ही फक्त बनवा. अर्थ मी लावतो."

"व्हय, सर."

आठवड्यानं पुन्हा एकदा, दारात उभं राहून, म्हणाले, "पावसाळ्यात एकदा मोजा, सर. मग पाठवा." मी मान हलवली आणि निबंध जून लागायच्या आत पाठवून दिला. त्यात वजन म्हणून डावीकडचा आकडा लिहिला. पाठोपाठ दिलेल्या प्रबंधातही तोच.

प्रबंध तपासायला समुद्रकाठच्या एका शहरातले प्राध्यापक होते. त्यांनी काही नमुने मागवले. सहा पाठवले. पाठवताना त्यांच्या कडेवर छापील चिठ्ठ्या डकवल्या, नेमक्या मामांच्या आकड्यांवर. त्या वेळी मनात काही होतं की नव्हतं, हे आता मला सांगता येत नाही. ऑगस्टमध्ये उत्तर आलं. तिथल्या दमट हवेत नमुने मऊ पडले होते. ताठा माझ्या आकड्याच्या निम्माही नव्हता, पहिल्या पायरीच्या नमुन्यांपेक्षाही कमी होता. त्यांनी एक नमुना कापून पाहिला होता. कोपरे खळीनं भरलेले आहेत, हे उमेदवाराला ठाऊक होतं का, असा प्रश्न त्यांनी विचारला होता. पत्राची प्रत प्राचार्यांना.

प्राचार्यांनी मला लेखी खुलासा मागितला आणि उरलेले सहा नमुने बघायला उद्या लॅबमध्ये येतो म्हणाले.

त्या दुपारी मी लॅबचं दार आतून लावून घेतलं. सहा नमुने टेबलावर मांडले आणि त्यांच्या कडेचे आकडे रबरानं खोडले. मामा पेन्सिल हलकी टेकवायचे, त्यामुळं लवकर निघाले. एका नमुन्याची कड जरा कुसकरली. रबराचा चुरा मी फुंकरीनं उडवला. मग बसून खुलासा लिहिला. 'नमुने तयार करताना प्रयोगशाळा सहायकाने माझ्या सूचनेबाहेर जास्त खळ वापरली. ही बाब मला अवगत नव्हती.' लिहायला वीस मिनिटंही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी नमुने बघून झाल्यावर प्राचार्यांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं. मी खुर्चीत, मामा उभे. प्राचार्यांनी माझा खुलासा त्यांना वाचून दाखवला आणि विचारलं, "राऊत, तुम्हाला काही म्हणायचंय?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नमुना यंत्राखाली ठेवल्यावर जसं बघायचे, तसं. मग म्हणाले, "खळ मीच लावलती, साहेब."

ते खरंच होतं. त्यापुढं ते एक शब्दही बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही.

सेवापुस्तकात ते वाक्य गेलं. मामांना लॅबमधून काढून भांडारात दिलं; खडू, डस्टर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मी पाठवलेला निबंध मागं घेतला, दुसरी पायरी प्रबंधातून गाळली, पहिल्या पायरीचे नमुने पुण्याहून प्लास्टिकचे कापून आणले आणि पुढच्या वर्षी माझ्या नावाआधी डॉक्टर लागलं. काही वर्षांनी विभागप्रमुख झालो. दारावर पाटी आली. मामांच्या टेबलावरचा तराजू लॅबमध्येच राहिला. नेऊ का, असं त्यांनी कुणाला विचारलं नाही, आणि घेऊन जा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

भांडारात गेल्यावर मामा बदलले नाहीत. खडूंची खोकी त्यांनी अशी रचली होती की कुठलंही एक काढलं तरी वरची ढळत नसत. मला बघून उठून उभे राहायचे. "या, सर." एकदा मी उत्तरपत्रिकांसाठी गेलो. गठ्ठा मोजून देता देता ते खालच्याच आवाजात, जणू कागदाच्या जातीबद्दल सांगावं तसं म्हणाले, "सर, तुमी खोडलं ते असू द्या. पन रबर लई जोरात घासलंत. दोन नमुन्यांची कड मऊ पडलीय. त्यांच्यावर परत कुनी मोजलं तर आकडा चुकंल."

मी गठ्ठा घेऊन बाहेर पडलो. व्हरांड्यात थांबलो, काही वाटतं का ते पाहिलं. पहिल्या तासाची घंटा झाली आणि मी वर्गावर गेलो. तो तास मी चांगला घेतला, हेही आठवतं.

निवृत्तीला चार महिने राहिले होते, तेव्हा ते माझ्या केबिनमध्ये आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. हातात सेवापुस्तकाच्या त्या पानाची झेरॉक्स.

"सर, समज दिली ते ठीक हाय. भांडारात टाकलं ते बी ठीक. पन ह्यो शब्द तेवढा काडता आला तर बगा." त्यांनी झेरॉक्स माझ्यापुढं सरकवली. 'निष्काळजीपणा'खाली पेन्सिलीची हलकी रेघ होती. "घरी मंडळीला वाचता येतं आता, नातीनं शिकवलंय. कागदं बगताना तिनं ह्यो शब्द वाचला. मला म्हनली, तुमी आन् निष्काळजी? मी काय सांगू?"

मी झेरॉक्स उचलून ते वाक्य पुन्हा वाचलं.

"तुमाला वाटतं का, सर, माज्या हातून तसं झालं असंल?"

"नाही, मामा."

"मग तेवढं लिवून द्या. एक ओळ. बाकी कुनाचं नाव नगं."

एका ओळीनं भागणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ती ओळ लिहिली की पुढचा प्रश्न आलाच असता. मी म्हणालो, "बघतो, मामा."

"व्हय, सर."

चार महिन्यांत त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. रोज दिसायचे, रोज नमस्कार करायचे.

निरोपसमारंभात विभागप्रमुख म्हणून मीच बोललो. राऊतमामांनी प्रत्येक काम किती काळजीपूर्वक केलं, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. मामांच्या डोक्याला फेटा बांधला होता, शाल होती, नारळ होता. फोटो काढताना ते माझ्या शेजारी उभे होते. फेट्याचा तुरा अंगठ्यानं दाबत मला म्हणाले, "लई खळ हाय ह्येच्यात." फोटोत मी हसताना आलो आहे.

या वर्षी कॉलेजच्या तपासणीसाठी जुनं सामान निकाली काढायची यादी माझ्या सहीला आली. त्यात एक ओळ होती: 'तराजू, सोनारी, एक, नोंद नाही.' मी त्या ओळीवर काट मारली आणि तराजू घरी आणला. त्याच रात्री जेवण झाल्यावर पत्र लिहिलं. सगळं, डावा आकडा, उजवा आकडा, रबर. श्रावणातल्या एका रविवारी तराजू पिशवीत घातला, पत्र खिशात ठेवलं आणि उमापूरला गेलो.

मामा पडवीत बसून नातीच्या शाळेचा गणवेश इस्त्री करत होते. मला बघून उठले. "आरं, सर! पावसाचं कावून आलात?" मामींनी चहा टाकला. मी तराजू काढून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, साखळ्या सरळ केल्या, पारडी सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि तुळईच्या खिळ्याला अडकवला. काटा हलत हलत मधे थांबला.

"बरा हाय," म्हणाले. "काय तरी ठिवून बगायला पायजे."

मी खिशातलं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. वाचायला दिलं होतं. त्यांनी घडी अंगठ्यानं दाबली आणि आधी पारड्यात ठेवली. आतून गुंजांची डबी आणली, एकेक टाकत गेले.

"वल धरलीय कागदानं," म्हणाले. "कोरडा आसता तर गुंजभर कमी भरला आसता."

मग उघडून वाचलं. सावकाश, ओठ हलवत. मामी चहा घेऊन उभ्या होत्या. पाऊस थांबला होता आणि पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. वाचून झाल्यावर मामांनी पान उलटून मागं पाहिलं, पुन्हा सुलट केलं.

"खळ लिवलंय ते बरं केलं," म्हणाले. "पन सर, तारीख न्हाई."

मी मामींच्या हातून चहाचा कप घेतला.

"तारीख न्हाई म्हंजी अजून दिलं न्हाई."

"तुम्हाला आधी दाखवावं म्हटलं."

"मला काय दाखवायचं? मी तितंच हुतो की."

एवढंच. त्यानंतर नातीची शाळा, बीडची पाणीटंचाई, नव्या प्राचार्यांचा स्वभाव असं बोलणं झालं. मला माफी मागायची होती. शब्द तयार होते. चहा संपला आणि ते तसेच राहिले.

मामा मला फाट्यापर्यंत सोडायला आले. टपरी, पंक्चरवाला, खताचं दुकान. सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच. शेजारी बससाठी नवी शेड उभी केलेली, लोखंडी पाइप आणि वर पत्रा. गेवराईची बस आली. मी खिडकीशी बसलो, तेव्हा मामा खिडकीखाली आले आणि पत्र खिडकीतून आत दिलं. घडी तशीच होती.

"तारीख टाका आन् हापिसात द्या. तितंच द्या."

"देतो, मामा."

"बगतो म्हनला न्हाईत, ते बरं झालं," म्हणाले आणि खिडकीच्या गजावरून हात काढला.

बस वळली. मी मागच्या काचेतून पाहिलं. मामा अजून फाट्यावर होते. मऊ पांढरा सदरा वाऱ्यानं पाठीला चिकटला होता. मला वाटलं, ते बसकडं बघत असतील, म्हणून मी हात वर केला. ते शेडच्या पाइपाशी उकिडवे बसले होते. पाइपाला तिरपा पाइप जिथं जोडला होता, त्या सांध्यावर अंगठा ठेवून ते दाबून बघत होते.